वास खाणारी गादी

माझं नाक लहानपणापासून तिखट. शेजारच्या घरात दूध करपायला लागलं की त्या घरातल्या बाईच्या आधी मला कळायचं, आणि मी इथून ओरडून सांगायची. त्यामुळे माहेरच्या गल्लीत लोक मला जरा टाळूनच असत. लग्न होऊन खानदेशातून सुरतेला आले, नवागामच्या चाळीत राहू लागले, तेव्हा सासूबाईंनी आठ दिवसांत ओळखलं की या सुनेपासून काही लपायचं नाही. त्या मिसरीची डबी गव्हाच्या कोठीमागे ठेवायच्या. ती जागा मी चारचौघींत बोलून गेले. तेव्हापासून आमचं दोघींचं जरा बेतानंच चालायचं.

अशा नाकाच्या बाईनं मासळीच्या कारखान्यात कामाला जावं, यासारखी थट्टा नाही. पण ते सुरतेतल्या प्लेगच्या नंतरचं वर्ष होतं. गावोगाव पळून गेलेले कारागीर हळूहळू परतत होते, मागांचा खडखडाट पुन्हा सुरू झाला होता, तरी माझ्या नवऱ्याचा माग आठवड्यातून चार दिवसच चाले. मग चाळीतल्या एका बाईबरोबर मीही सकाळचा टेम्पो धरला. कारखाना कामरेजच्या बाजूला, हायवे सोडून आत, उसाच्या शेतांमध्ये होता. वेरावळहून बर्फात मासळी यायची, खाडीकडून झिंगा, म्हणजे आपली कोळंबी, यायचा. आम्ही सत्तर-ऐंशी बायका तो सोलून, धुऊन, ट्रेमध्ये लावून गोठवायला द्यायचो. उरलेली डोकी, आतडी, खवले मागच्या शेडमध्ये मोठ्या कुकरात शिजवून वाळवायचे आणि त्याची भुकटी कोंबड्यांच्या खाद्याला जायची.

वास यायचा तो त्या मागच्या शेडमधून. ताज्या मासळीला फारसा वास नसतो, हे मला तिथेच कळलं. पण दोन दिवस पडलेली डोकी शिजायला घातली की जी वाफ सुटायची, ती अंगात, केसांत, लुगड्याच्या काठात जाऊन बसायची. साबण लावा, शिकेकाई लावा, बेसन चोळा. संध्याकाळी मी उंबऱ्यात पाय टाकला की सासूबाई म्हणायच्या, "मच्छीबजार घरमा लई उनी का व?" म्हणजे, मच्छीबाजारच घरात घेऊन आलीस का ग? माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. ती माझ्या कुशीत झोपायची ती आजीकडे झोपायला लागली. त्याचं मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून घरात भांड्यांची आदळआपट वाढली.

आमचं तर आमचं, पण कॅनॉलच्या पलीकडे एक गाव होतं आणि गावाच्या कडेलाच प्राथमिक शाळा. वारा त्या बाजूला फिरला की शाळेच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. उन्हाळ्यात बंद खिडक्यांच्या वर्गात पोरांना घेरी यायला लागली. शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळं गाव मोटाबेन म्हणायचं, त्यांनी तक्रारीवर तक्रार केली. अखेर प्रदूषण खात्याचे साहेब येऊन सांगून गेले की तीन महिन्यांत वास बंद करा, नाहीतर कुकरचं कनेक्शन कापू. कुकर बंद म्हणजे रोजचा उकिरडा टाकायचा कुठे? म्हणजे कारखानाच बंद. आम्ही बायका हे ऐकून नळावर हात धुता धुता एकमेकींकडे बघायला लागलो.

शेठनं पहिला महिना वाया घालवला. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यानं मोगऱ्याच्या अत्तराचे पिंप आणले आणि धुराड्यापाशी पाण्यातून फवारायला सुरुवात केली. त्याचा परिणाम काय सांगू! मेलेल्या मासळीच्या डोक्यात कोणी गजरा माळावा, तसा तो वास झाला. मोटाबेननी निरोप पाठवला की पहिलाच वास परत द्या, तो बरा होता.

मग भाऊ आले. वऱ्हाडातले, पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, खाकी पँट आणि वर पांढरी बंडी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मी भाऊ म्हणायची. आधी कतारगामच्या बाजूला एका कापड रंगवायच्या कारखान्यात ते ब्लीचिंगच्या टाक्यांवर होते, त्याआधी साखर कारखान्यात बॉयलरवर. त्यांनी पहिल्या दिवशी धुराड्याकडे पाहिलंच नाही. ते आमच्या शेडमध्ये आले आणि उकिरड्याची पिंपं कधी भरतात, कधी हलतात, ते विचारत बसले. शेठला म्हणाले, "वास मारता येत नाय साहेब. तो होऊच नाय द्यायचा. आजचं डोकं आजच शिजलं पाह्यजे." दुसऱ्या दिवसापासून आमच्या पिंपांवर बर्फ पडायला लागला आणि दर दोन तासांनी पिंपं मागे जायला लागली. निम्मा वास त्या बर्फानंच गेला. मी इतकी वर्षं घर चालवलेली बाई, ही साधी गोष्ट मला सुचू नये, याचा मला रागच आला.

उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी गादी केली. गादी हा त्यांचाच शब्द. शेडच्या मागे विटांचा मोठा हौद बांधला, गुडघाभर जमिनीत आणि कमरेइतका वर. तळाला भोकं पाडलेले नळ, त्यावर गोटे, गोट्यांवर नारळाचा काथ्या, आणि त्यावर कमरेइतका थर उसाच्या चिपाडांचा, जुन्या शेणखताचा आणि साखर कारखान्यातून आणलेल्या काळ्या गाळाचा. कुकरची वाफ पंख्यानं ओढायची, पाण्याच्या फवाऱ्यातून गार करायची आणि त्या नळांतून गादीच्या खाली सोडायची. ती वर येता येता गादीतून गाळून यायची. मी विचारलं, "भाऊ, या खतातून वाफ सोडून काय होणार? दोन घाणी एकत्र होतील." ते म्हणाले, "या खतात बारीक जीव हायेत बाई. डोयाले दिसत नाय. ते वास खातात. त्याईले पानी द्या, हवा द्या, अन् रोज थोडं थोडं खाऊ घाला. बस." मी मनात म्हटलं, या माणसाचा एखादा स्क्रू ढिला आहे.

पण पंधरा दिवसांत वास खरंच उतरला. मी शेडमागून जाताना थांबले आणि पुन्हा हुंगलं. मासळी नव्हती. ओल्या जंगलात येतो तसा मातीचा, पानांचा वास होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना जाऊन म्हटलं, "भाऊ, जिंकलात!" तर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "खरंच? पुरता गेला का?" मला तो प्रश्न विचित्र वाटला. ते गादीपासून चार हातांवर उभे होते.

त्याचं उत्तर चार दिवसांनी मिळालं. दुपारी जेवायला बसलो होतो. भाऊंनी डबा उघडला आणि पाच माणसं सोडून बसलेल्या मला आंबलेल्या वरणाचा भपकारा आला. ते मात्र शांतपणे भात कालवून खायला लागले. मी उठून त्यांच्या हातातला डबाच काढून घेतला. "भाऊ, नासलंय हे! येत नाही का वास?" सगळे उठून गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. त्या रंगाईच्या कारखान्यात एकदा क्लोरीनचा नळ फुटला होता. तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. फुलाचा नाही, धुराचा नाही, मासळीचा तर नाहीच. "शेठले सांगू नको बाई," ते म्हणाले. "बिननाकाच्या मानसाले वासाच्या कामावर कोन ठेवीन? गावाकडे बायको दोन वर्षांपासून अंथरुनावर हाय. हे काम गेलं तर मले दुसरं भेटत नाय या वयात."

मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो सांगता येणार नाही. ज्या गोष्टीचा आपल्याला पत्ताच लागत नाही, तिच्याशी हा माणूस रोज लढत होता. हातानं, डोळ्यानं, अंदाजानं. गादीतली मूठभर चिपाडं हातात घेऊन दाबायची, तळवा ओला व्हायला हवा पण थेंब पडता कामा नये, एवढ्यावर तो गादीची तब्येत ओळखायचा.

त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. भाऊंनी शेठला सांगितलं की बाई गादीला पाणी घालायला हवी, आणि माझी बदली मागे झाली. रोज संध्याकाळी काम सुटायच्या आधी मी कॅनॉलच्या पुलापर्यंत चालत जायची. जायच्या आधी अर्धा तास उसाच्या बांधावर नुसतं बसायचं, कारण शेडमध्ये राहून नाक बधिर होतं. कच्चा कांदा खायचा नाही, पान खायचं नाही, केसांना वासाचं तेल लावायचं नाही. पुलावर उभं राहून हुंगायचं आणि येऊन सांगायचं. आमची मापं स्वयंपाकघरातली होती. चिमूटभर, मूठभर, सूपभर. आणि तऱ्हा चार. जळका वास आला तर वाळवायचं यंत्र जास्त तापलंय. सडका आला तर शिळा माल शिजलाय. उकडलेला आला तर नळ कुठेतरी फुटलाय. आणि नासक्या अंड्यासारखा आला तर गादीत पाणी जास्त झालंय, जीव गुदमरलेत. मी नुसती तऱ्हा सांगायची आणि भाऊ थेट त्या जागी जाऊन पाना लावायचे. एकदाही चुकले नाहीत. रोज तोच प्रश्न विचारायचे, "काय येते?" आणि माझ्या उत्तरावर शंका घ्यायचे नाहीत. मी सांगितलेलं इतक्या निमूटपणे कोणी ऐकून घ्यावं, याची मला घरी दारी कुठेच सवय नव्हती.

गावाचा विश्वास बसावा म्हणून भाऊंनी आणखी एक केलं. दर बुधवारी ते शाळेत जाऊन मोटाबेनना भेटायचे आणि त्या आठवड्यात वास आला की नाही, आला तर का, ते आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगायचे. मी सोबत जायची. मोटाबेन आधी खुर्चीही द्यायच्या नाहीत. नंतर चहा द्यायला लागल्या.

तीन महिने भरायला पंधरा दिवस राहिले होते. भाऊंच्या बायकोचं दुखणं वाढलं म्हणून ते शुक्रवारी गावाला गेले. जाताना मला म्हणाले, "गादी तुह्या हवाली. पानी दे, बाकी कायीच करू नको." आणि शनिवारी शेठनं सांगितलं की सोमवारी साहेब नुसते बघून जायला येणार आहेत.

मी गादीकडे पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिपाडांवर पांढऱ्या बुरशीच्या जाळ्या, मधूनमधून छत्र्या उगवलेल्या, गांडुळं, किडे, माश्या. घरी पाहुणे यायचेत आणि अंगणात हे! आता एक गोष्ट समजून घ्या. प्लेगनंतर सुरतेत आम्हा सगळ्यांच्या हाताला एक सवय लागली होती. घाण दिसली, वास आला, की पावडर. ब्लीचिंग पावडरची पांढरी रेघ गटाराकडेला, संडासाच्या दाराशी, उकिरड्याभोवती. लहान मूलसुद्धा विचारायचं, पावडर टाकली का? दर शनिवारी मी चाळीत स्वतःच्या हातानं ती टाकायची आणि न टाकणाऱ्या बायकांशी भांडायची. कारखान्याच्या भांडारात अख्खी पिंपं होती. मी पदर खोचला. छत्र्या उपटल्या, जाळ्या झाडून काढल्या, आणि साऱ्या गादीवर पावडर शिंपून वरून पाणी मारलं, म्हणजे आतपर्यंत जाईल. शेवटी गादी अशी लख्ख पांढरी दिसायला लागली की मी दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत उभी राहिले. भाऊ येऊन काय म्हणतील, याच विचारात मी त्या दिवशी घरी गेले. शाबासकीच मिळेल, असं धरून चालले होते.

सोमवारी साहेब आलेच नाहीत. भाऊ आले, उतरलेल्या चेहऱ्यानं. तोवर पाणी मारून मारून गादीवरचा पांढरेपणा गेला होता आणि मी पावडरीचं काही बोलले नाही, कारण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी पुलावर गेले. नाकात अजून पावडरीची आग होती. काही कळलं नाही. "काही नाही," मी सांगितलं, आणि ते त्या दिवशी तरी माझ्या समजुतीप्रमाणे खरं होतं.

मंगळवारी नाक मोकळं झालं. पुलाच्या अलीकडेच मला वासानं गाठलं. उकडलेला, सडका, सगळा एकत्र. चांगला सूपभर. मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बारीक जीव. माणसांना मारणारे जंतू ज्यानं मरतात, त्यानं गादीतले बिचारे कसे वाचतील? मी घाण साफ केली नव्हती. मी गादीच मारली होती.

परत येताना मी ठरवलं होतं की सांगायचं. पण भाऊ पंख्याचा पट्टा बसवत होते, त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "काय येते?" आणि माझी जीभ, जी आयुष्यात कधी मागे सरली नव्हती, ती म्हणाली, "काही नाही." भाऊंनी मान हलवली आणि पुन्हा पट्ट्याला लागले. मला वाटलं, दोन दिवसांत गादी आपोआप सुधारेल, कशाला त्यांच्या डोक्याला आणखी ताप. खरं सांगायचं तर तसं काही नव्हतं. मला माझी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मी डोकं दुखतंय म्हणून सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, चाल हळूहळू, बाहेरच्या हवेनं बरं वाटेल. आम्ही पूल ओलांडला. वारा नेमका गावाच्या दिशेनं होता. शाळेच्या खिडक्या बंद. दुपारची सुट्टी झालेली, पोरं व्हरांड्यात शर्टाच्या गळपट्टीत नाकं खुपसून बसलेली. भाऊ पायऱ्या चढले, मोटाबेनना नमस्कार केला आणि हसून म्हणाले, "बेन, हवे वास नथी. बिलकुल नथी."

मोटाबेन उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तमने शरम नथी आवती?" त्या म्हणाल्या. "आटला छोकरां सामे ऊभा रहीने जूठुं बोलो छो?"

भाऊंना कळेचना. ते पोरांकडे बघत राहिले, त्यांच्या नाकावर धरलेल्या कापडांकडे, बंद खिडक्यांकडे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते. त्यांना समजलं. तो माणूस त्या दुर्गंधीत उभा राहून, हात जोडून, दुर्गंधी नाही म्हणाला होता, आणि त्याला तसं बोलायला मी लावलं होतं. भाऊ पायऱ्या उतरले. मागून एक पोरगं हसलं.

कॅनॉलपाशी ते बसले. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, पावडर, पाणी, मंगळवार, सगळं. रडत नव्हते, मी रडत नाही सहसा. त्यांनी विचारलं, "किती टाकली?" अर्धं पिंप. "साऱ्या गादीवर?" हो. "पानी किती मारलं?" सांगितलं. ते बोटांवर मोजत राहिले. माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "भाऊ, शिव्या द्या. काहीतरी बोला!" ते म्हणाले, "राग तर लय येऊन राहिला बाई. पावडरीचा नाय. तुले ठाऊक नव्हतं, मी सांगितलंही नव्हतं. पन तू मले नाय म्हनून सांगितलं, त्याचा येऊन राहिला." मग उठले. "चाल. आधी गादी."

पुढचे पाच दिवस मी कधी विसरणार नाही. गादीचा वरचा दीड हात थर आम्ही फावड्यानं उपसून काढला. उरलेल्यावर इतकं पाणी सोडलं की पावडरीचा अंश राहू नये. तळाजवळच्या कोपऱ्यात भाऊंनी हात घातला, मूठ माझ्या नाकाशी धरली. ओल्या मातीचा वास होता. "इथं जित्ते हायेत," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. ती चार घमेली त्यांनी साऱ्या गादीत विरजणासारखी कालवली. गावातून ताजं शेण आणून त्याची रबडी ओतली. नवी चिपाडं आली. शेठला त्यांनी स्पष्ट सांगितलं की आठ दिवस कुकर निम्माच चालेल आणि वारा गावाकडे असेल तेव्हा बंद राहील. शेठ तडकला, पण भाऊ हलले नाहीत. त्या पाच दिवसांत त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. संध्याकाळी "काय येते?" मात्र विचारलं, रोज. मी बुधवारी सूपभर सांगितलं, शुक्रवारी मूठभर.

मोटाबेनची नवी तक्रार गेलीच होती. सोमवारी साहेब आले ते थेट शाळेतच. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. साहेब, शेठ, मोटाबेन, गावातली पाच-सहा माणसं, आणि पायरीपाशी भाऊ आणि मी. साहेबांनी कागद काढला आणि मोटाबेनना विचारलं. त्या म्हणाल्या की वास कमी आहे हे खरं, पण परवा या माणसानं आमच्या तोंडावर खोटं सांगितलं, आज याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? उद्या पुन्हा नाही म्हणेल. गावातली माणसं हो हो करायला लागली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

भाऊ पुढे झाले. "साहेब, मैं झूठ नहीं बोला," ते हिंदीत म्हणाले. "मुझे बास आती ही नहीं. दस साल हुए. मेरी नाक गई है."

शेठची मान गर्रकन वळली. मी भाऊंचा हात धरायला पुढे झाले, पण बोललेलं बोललं गेलं होतं. मी लाजेपोटी खोटं बोलले, आणि त्या खोट्याचा डाग धुवायला या माणसानं आपली नोकरी सगळ्यांसमोर उघड्यावर ठेवली होती. माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मोटाबेन त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"फिर आज बास है या नहीं, ये कौन बताएगा?" साहेबांनी विचारलं.

"ही सांगीन," भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बाई, काय येते?"

मी श्वास घेतला. उसाचा वास होता, खडूचा, पोरांच्या घामाचा, कॅनॉलच्या चिखलाचा. आणि त्याखाली, अगदी तळाशी, उकडलेल्या मासळीचा. नसल्यात जमा. तिथल्या दुसऱ्या कोणाला तो आलाही नसता. शेठ मला डोळ्यांनी खुणावत होता. कारखान्यात सत्तर बायका झिंगा सोलत होत्या आणि माझ्या तोंडातून काय निघतं यावर त्यांचा उद्याचा टेम्पो ठरणार होता.

"येतोय," मी म्हटलं. "चिमूटभर. उकडलेला. गादी अजून पुरती उठलेली नाही. आणि मंगळवारी यांना मीच खोटं सांगितलं होतं. पावडर टाकून गादी मी मारली होती."

मग मोटाबेननी साहेबांच्या हातातला कागद खाली ठेवायला लावला. "आठ दिवस आपो," त्या म्हणाल्या. "जे पोतानी विरुद्ध साचुं बोले, एने आठ दिवस आपवा जोईए." जो स्वतःच्या विरुद्ध खरं बोलतो, त्याला आठ दिवस द्यायलाच हवेत, असं त्यांचं म्हणणं.

शेठनं भाऊंना काढलं नाही. फटफटीला लाथ मारता मारता तो एवढंच म्हणाला, की आता निदान कळलं कोणाला विचारायचं ते. आठ दिवसांत गादीवर पुन्हा पांढरी जाळी धरली आणि वास गेला. मी पुलावरून परत आले तेव्हा भाऊ गादीच्या भिंतीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय येते?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जितका वेळ पूर्वी कधी पाहत नसत तितका वेळ पाहिलं, आणि मग उठून स्वतः शाळेकडे चालत निघाले, मोटाबेनना विचारायला. मला ते लागलं. पण मी गप्प बसले, कारण त्यांचं बरोबर होतं.

पंधरा-वीस दिवस ते रोज असेच विचारून यायचे. मग एका संध्याकाळी मी परत आले, सांगितलं की काही नाही, आणि भाऊंनी मान हलवली आणि पान्यानं पंख्याचा नट आवळायला लागले. ते शाळेकडे गेले नाहीत. मी त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून पाण्याचा पाइप उचलून गादीच्या मागच्या बाजूला गेले, आणि तिथे उभी राहून पोटभर रडले.